शेडपासून बारा मीटर

विमान पंखांमुळे उडतं, असा एक समज शाळेतून पसरवला जातो. तो चूक नाही, अपुरा आहे. पंख कोंबडीलाही असतात. विमानाला पंख, इंजिन, पेट्रोल आणि चालवणारा माणूस लागतो हे मान्य करूनही असं म्हणावं लागेल की, या सगळ्याच्या आधी लागतो तो चार जाणत्या लोकांचा विचारविनिमय. तो नीट झाला नाही तर विमान फार लवकर उडतं, आणि मग पुढच्या सभेत चर्चेला विषयच उरत नाही.

हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. गेली नऊ वर्षं मी आमच्या 'घरगुती विमान बांधणी सहविचार मंडळा'चा चिटणीस आहे. त्याआधी तेहेतीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक विभागात होतो, आणि त्या काळात माझ्या टेबलावरून एकही कागद नोंद झाल्याशिवाय पुढे गेला नाही. (बरेचसे नोंद होऊनही पुढे गेले नाहीत, पण तो दोष पुढच्या टेबलाचा.) मंडळाची आजची स्थिती अशी: सभासद सतरा. बांधायला घेतलेली विमानं चौदा. पंख असलेली सहा. दोन्ही पंख असलेली पाच. झालेल्या सभा चारशे अकरा. उडालेली विमानं: हा रकाना सध्या वादात असल्यामुळे रिकामा ठेवला आहे.

तो वाद ज्या विमानामुळे झाला ते माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचं. दादानं एकेचाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं, म्हणून मंडळात सगळे त्याला 'लिफ्टवाले' म्हणतात. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून मोडक्या खुर्च्या, एक सायकल आणि माझं एक कपाट बाहेर काढलं आणि विमानाचा सांगाडा मांडायला घेतला. मी म्हटलं, "दादा, हे काय नवीन खूळ?"

"अरे, जन्मभर वर गेलो तो लिफ्टच्या टपावर बसून," तो म्हणाला. "अंधारात, हातात ग्रीसचा डबा घेऊन. सोळा सोळा मजले चढलो आणि दिसलं काय, तर भिंत. आता एकदा उजेडातून वर जायचंय. माझ्या हातानं केलेल्या वस्तूतून, एकट्यानं."

मला हे बोलणं जरा भावनाप्रधान वाटलं. पण दोन वर्षांनी दादा मंडळात आला. सभासदत्वाच्या अर्जात 'उद्देश' असा रकाना असतो, तो भरणं भागच होतं. तिथे मी दादाचं म्हणणं संक्षेपानं 'हवापालट' असं लिहिलं.

लाकडी सांगाडा आणि वर ताणलेलं कापड, अशा जातीचं हे दोन माणसांचं विमान. माझ्या वहिनी शिवणकाम करतात. दोन्ही पंखांचं आणि शेपटीचं कापड त्यांनीच शिवलं. चार महिने लागले. त्या चार महिन्यांत त्यांनी एकही सभा घेतली नाही, कोणाचं मत मागवलं नाही, आणि काम पुरं झाल्याचं कोणाला लेखी कळवलंही नाही. शिवण उत्तम आहे. पण ही पद्धत अनुकरणीय नाही, अशी नोंद मला तेव्हाच करावी लागली.

सांगाडा, कापड, इंजिन आणि चाकं हे सगळं पाच वर्षांत उरकलं. सरकारी निरीक्षक आला, टॉर्च मारून कानाकोपरा बघून गेला, आणि दोन महिन्यांत सरकारचा परवाना घरपोच आला. (सरकार या बाबतीत फार उतावळं आहे.) मी तो फायलीत लावला. दादानं दरम्यान विमान चालवायचं रीतसर शिक्षणही घेतलं होतं आणि वर्षातून दोनदा शिक्षकांच्या शेजारी बसून हात साफ ठेवत होता. आता उरलं होतं ते फक्त विजेचं काम आणि रेडिओची अँटेना. म्हणजे म्हटलं तर एका महिन्याचं काम. त्याला सहा वर्षं लागली.

विजेच्या कामात दादाचा हात बसलेला, त्यामुळे सगळं वायरिंग त्यानं तीन आठवड्यांत केलं. केलं मात्र लिफ्टचं करतात तसं. दार पुरतं लागल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, आणि वजन जास्त झालं की घंटी वाजते. पहिल्याच चाचणीला वहिनी शेजारच्या सीटवर बसल्या आणि घंटी वाजली.

"अहो, हे मला बघून वाजतंय का?"

"छे गं, मागे माझी हत्यारांची पेटी आहे ना," दादा घाईघाईनं म्हणाला.

हत्यारांची पेटी शेडच्या दारात होती. ती मला दिसत होती आणि वहिनींनाही दिसत होती. पुढे दोन दिवस दादाला चहा स्वतःच करून घ्यावा लागला.

इथे मंडळाचा नियम चार समजून घ्यायला हवा, कारण आमची सगळी प्रगती त्यावर उभी आहे. विमान बघायला येणाऱ्या प्रत्येक सभासदानं किमान एक सूचना द्यावी, आणि विमानाच्या मालकानं ती करून बघितल्याशिवाय नाकारू नये, असा हा नियम. सूचना नोंदवायला एक जाड वही आहे. दादाच्या शेडमधली वही ही आमच्या मंडळातली सर्वांत जाड वही, याचा मला भाऊ म्हणून अभिमान आहे.

पहिली सूचना काळ्या वायरींबद्दल आली. विजेला जायला जशी वाट लागते तशी परत यायलाही लागते, आणि ही परतीची वायर काळी असते. मंडळात याबद्दल दोन पंथ आहेत. सगळ्या काळ्या वायरी एकाच बोल्टवर आणाव्यात असं एकबोल्टवाले मानतात. पुढच्या पुढे आणि मागच्या मागे, असे दोन बोल्ट हवेत असं दोनबोल्टवाले म्हणतात. हा मतभेद इतका खोल आहे की एकबोल्टवाल्याच्या मुलीला दोनबोल्टवाल्यांकडून सांगून आलं तेव्हा पत्रिका बघायच्या आधीच नकार गेला. दादानं वर्षभर आधी एक आणि मग दोन अशी आलटूनपालटून जोडणी केली. शेवटी अध्यक्षांनी दीड बोल्टाची तडजोड सुचवली आणि ती एकमतानं मंजूर झाली. (तो कापलेला अर्धा बोल्ट आजही विमानात आहे. त्याला काहीही जोडलेलं नाही.)

घोडं खरं अडलं ते अँटेनापाशी. अँटेना म्हणजे सव्वा हात लांबीची एक धातूची काडी. तिच्यातून आपला आवाज बाहेर जातो. जितका पाठवला त्यातला किती उलटा आपल्याच तोंडावर परत आला, हे सांगणारा एक मीटर मिळतो. दीड आकडा आला तर उत्तम, दोनपर्यंत चालतं, तीनला रेडिओ तापायला लागतो. आमचा आकडा आला नऊ.

अशा वेळी काही मंडळं हातपाय गाळतात. आमचं मंडळ सरसावलं. वहीतल्या नोंदींतून काही निवडक देतो.

विमानाच्या पाठीवर बसवावी (अध्यक्ष). बसवली. मीटर नऊ.

पोटाखाली बसवावी (मास्तर. हे इतिहास शिकवत असत आणि आता वायरींकडे वळले आहेत). बसवली. मीटर नऊ. शिवाय काडी फरशीला टेकून वाकली.

शेपटीच्या आत उभी लपवावी (दंतवैद्य). लपवली. मीटर साडेआठ. टाळ्या.

चालकाच्या सीटखाली आडवी ठेवावी (सुचवणाऱ्यानं नाव न देण्याची विनंती केली). ठेवली. दादा बसल्यावर अकरा आणि उठल्यावर सात. म्हणजे विमानात माणूस नसेल तर रेडिओ बरा चालतो, असा महत्त्वाचा निष्कर्ष हाती आला.

विमान लाकडी असल्यामुळे काडीच्या बुडाशी धातूचा पत्रा किंवा पट्ट्या पसराव्यात, असंही निघालं. अध्यक्ष म्हणाले, स्वयंपाकघरातली चमकी फॉइल चालेल. दुसऱ्या दिवशी वहिनी शेडच्या दारात उभ्या.

"भाऊजी, माझा फॉइलचा रोल कुठाय?"

"वहिनी, तो आता उड्डाणसामग्रीत वर्ग झालाय."

"आणि डबे कशात बांधू? नकाशात?"

याची नोंद सूचना म्हणून करावी की तक्रार म्हणून, यावर पुढच्या सभेत दोन मतं पडली. दरम्यान अँटेना नऊ जागी बसवून झाली आणि नऊ जागी काढून झाली. एक ना धड भाराभर चिंध्या. प्रत्येक भोकावर वहिनींनी नेमकं ठिगळ मारलं, तेही असं की बोट फिरवलं तरी कळू नये.

मीटरच्या आकड्यावर न थांबता आम्ही प्रत्यक्ष चाचणीही घेत असू. मास्तर हातातला रेडिओ घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीपाशी उभे राहत. दादा शेडमध्ये विमानात बसून विचारी, "मास्तर, ऐकू येतंय का?" मग पाच मिनिटं शांतता. मग मास्तरांचा फोन, "लिफ्टवाले, अजून सुरुवात केली नाहीत का?" एकदा मात्र मास्तर पळत पळत आले. "आलं, आलं! स्वच्छ आलं!" अध्यक्षांनी त्यांना मिठी मारली. चौकशीअंती असं कळलं की दादा वैतागून इतक्या मोठ्यानं ओरडला होता की रेडिओची गरजच उरली नव्हती. लाँड्रीवाल्यालाही ऐकू गेलं होतं, आणि त्याच्याकडे रेडिओ नव्हता.

असं सगळं सुरळीत चाललं असताना डॉक्टरांनी मध्येच पाय घातला.

विमान चालवणाऱ्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. दादा दर वर्षी तो आणत असे आणि मी तो फायलीत लावत असे. या वेळी डॉक्टरांनी छातीवर लावलेली नळी बराच वेळ उचललीच नाही. मग म्हणाले, "हृदय मधूनच एखादा ठोका गाळतंय. घाबरायचं कारण नाही, गोळ्या घ्या, आणि भरपूर जगा. पण उडण्याचा दाखला आता तीन महिन्यांचाच देतो. तिसऱ्या महिन्याच्या एकतीस तारखेपर्यंत काय उडायचं ते उडून घ्या. त्यानंतर मी सही करणार नाही, आणि दुसरं कोणी करेल असं वाटत नाही."

दादा घरी आला आणि तडक शेडमध्ये जाऊन विमानात बसला. दार ओढून घेतलं. तास झाला तरी उतरेना. मी काचेतून बघितलं तर दोन्ही हात विमान वळवायच्या दांड्यावर ठेवून समोरच्या पत्र्याकडे बघत होता. अकरा वर्षं हा माणूस ज्या एका गोष्टीसाठी राबला तिला आता नव्वद दिवस उरले होते, आणि तो माझा भाऊ होता. मी एक क्षणही वाया न घालवता विशेष सभेची सूचना काढली. नियमाप्रमाणे एकवीस दिवसांनंतरची.

विशेष सभेनं अँटेना उपसमिती नेमली. उपसमितीनं पाच आठवड्यांत दहावी आणि अकरावी जागा निवडली. अकराव्या जागेची चाचणी चालली असताना शेजारच्या घरावर टीव्हीची डिश बसवायला एक माणूस आला होता. तो शिडीवरून उतरला, पाणी मागायला आत आला आणि पेला हातात धरून वर बघत राहिला.

"काका, वर पत्रा आहे."

"आहे मग?" अध्यक्ष म्हणाले.

"चारी बाजूंना पण पत्राच आहे. पत्र्याच्या डब्यात बसवलेली अँटेना कशी चालेल? गाडी बाहेर काढा आणि मग बघा की."

आम्ही सगळ्यांनी एकदम वर बघितलं. सूचना क्रमांक दोनशे बारा म्हणून मी ती नोंदवली. सुचवणारा सभासद नसल्यामुळे ती फेटाळण्यातही आली. पण तो गेल्यावर मास्तर हळूच म्हणाले, "त्याच्या म्हणण्यात तथ्य असावं." सहा वर्षं आम्ही रोगी सोडून खाटेला औषध पाजत होतो, हे उघड झालं. अध्यक्षांनी मात्र प्रसंग ओळखून या शोधाबद्दल उपसमितीचं अभिनंदन केलं.

आता तुम्ही म्हणाल, मग विमान बाहेर काढायचं. इतकं सोपं असतं तर मंडळ कशाला हवं? नियम सात स्पष्ट आहे: रेडिओची चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय विमान शेडबाहेर काढू नये. या नियमाला इतिहास आहे. काही वर्षांपूर्वी एका सभासदानं घाई करून विमान बाहेर काढलं. ते उडालं. त्यानंतर तो एकाही सभेला आला नाही. रविवारी तो म्हणे हवेत असतो. असा हाताशी आलेला माणूस हकनाक गमावल्यावर मंडळानं एकमतानं नियम सात केला.

तेव्हा वस्तुस्थिती अशी होती. विमान शेडमध्ये असेपर्यंत चाचणी उत्तीर्ण होणार नाही. चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत विमान शेडबाहेर येणार नाही. शेडचा पत्राच काढावा, तर त्यावर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. रीतसर एकवीस दिवसांच्या सूचनेनं पुन्हा विशेष सभा भरली तेव्हा एकतीस तारखेला तेरा दिवस उरलेले. दादा सभेत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. आणि इथे अध्यक्षांची प्रतिभा उजळली. विमान बाहेर काढता येत नाही, छप्पर काढता येत नाही, पण अँटेना बाहेर काढू नये असा नियम कुठे आहे?

नव्हता. मी दोनदा तपासला. आठवडाभरात अँटेना शेडच्या छपरावर, टाकीच्या शेजारी, दिमाखात उभी राहिली. तिथून बारा मीटर केबल पत्र्याच्या फटीतून खाली सोडून विमानातल्या रेडिओला जोडली. मीटर एक पूर्णांक चार! मास्तर लाँड्रीपाशी होते, त्यांना ऐकू आलं. बसथांब्यापर्यंत गेले, ऐकू आलं. पुलापलीकडून त्यांचा आवाज आला, "लिफ्टवाले, तुम्ही अगदी कानात बोलताय हो!" माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? सहा वर्षांनी रेडिओ बोलला होता.

अध्यक्षांनी जागच्या जागी प्रमाणपत्र लिहिलं. मी शिक्का मारला. दादानं ते हातात घेऊन वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"शेडपासून बारा मीटरच्या आत उड्डाणास योग्य?"

"केबल तेवढीच आहे ना," अध्यक्ष समजुतीनं म्हणाले.

"बारा मीटर म्हणजे चार मजले. एवढं तर मी लिफ्टनं रोज जात होतो."

"लिफ्टवाले, असं नाउमेद व्हायचं नाही. ही सुरुवात आहे. पुढच्या वर्षी केबल वाढवू."

दादानं प्रमाणपत्राची नीट घडी केली, सगळ्यांना चहा दिला, सगळे गेल्यावर शेडला कुलूप घातलं आणि किल्ली खुंटीला लावली. अकरा वर्षांत त्या शेडला कुलूप मी पहिल्यांदाच पाहिलं. सहा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनी माझ्या घरी हजर. गळ्यात मोजायची टेप तशीच.

"भाऊजी, तो सरकारचा परवाना द्या."

"वहिनी, तो फायलीला लावलाय."

"लावलेलाच काढून द्या."

त्या खुर्चीत बसल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. नऊ पानं. कागद हातात आला की तो वाचायचा, ही शिवणकाम करणाऱ्यांची जुनी खोड आहे. मापं वाचल्याशिवाय ती माणसं कात्रीला हात लावत नाहीत. मी त्यांना सांगितलं की मी आवक-जावक विभागातला माणूस, आम्ही कागद नोंदवतो आणि लावतो, वाचण्याचं काम वेगळ्या विभागाकडे असतं. त्यांनी मान वर केली नाही. सातव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

या वर्गातलं विमान दिवसाउजेडी, मोकळ्या मैदानावरून उडवायचं असल्यास रेडिओची सक्ती नाही, असं तिथे लिहिलेलं होतं. बसवलेला असेल तर तो चालला पाहिजे. नसेल तर प्रश्न नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो कागद सहा वर्षं माझ्या कपाटात होता, क्रमांक घालून, दोऱ्यात ओवून.

"म्हणजे नसला तर चालतं," वहिनी म्हणाल्या, "आणि आहे म्हणून अडलंय."

"वहिनी, पण दादाच्या हृदयाचं..."

"मला भीती वाटत नाही असं समजू नका," त्या उठत म्हणाल्या. "रात्री मी त्यांच्या छातीला कान लावून बघते. पण तो ठोका चुकतोय तो त्या डब्यात बसून. डॉक्टरांनी एकतीसपर्यंत हो म्हटलंय ना? मग एकतीसपर्यंत मीही हो म्हणते. एकतीसनंतर त्यांनी नुसती गच्चीवर पतंगाकडे मान वर केली तरी मी ओरडणार आहे."

त्यांनी शेड उघडली, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि रेडिओ काढायला बसल्या. दादा मागे उभा राहून हात चोळत होता. "अगं, सहा वर्षं त्याच्यावर..."

"सहा वर्षं तुम्ही त्याच्याशी बोलताय. तो तुमच्याशी एकदा तरी नीट बोलला का?"

अकरा मिनिटं लागली. रेडिओ निघाला, केबल निघाली. समोरच्या फळीत रेडिओच्या जागी वीतभर रुंद चौकोनी भोक राहिलं आणि त्यातून मागच्या वायरी लोंबताना दिसायला लागल्या. दादा त्या भोकाकडे बघत राहिला, आणि मग हसायलाच लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. वहिनी म्हणाल्या, "आता पुरे, गोळी घ्यायची वेळ झालीय."

तीस तारखेच्या सकाळी पंख सोडवून विमान टेम्पोत चढवलं. टेम्पोवाल्यानं विचारलं, "हे नक्की उडतं का?" आणि आम्ही तिघांनी तीन दिशांना बघितलं. गावाबाहेरच्या मैदानावर पंख पुन्हा जोडले. मी पाना धरून होतो. दादानं एकेक बोल्ट दोनदा तपासला, मग मी बघत नाही असं बघून तिसऱ्यांदा तपासला. एवढ्यात दोन गाड्या भरून मंडळ आलं. अध्यक्ष धापा टाकत पुढे झाले.

"लिफ्टवाले, नियम सात! रेडिओची चाचणी..."

"कसला रेडिओ?" वहिनींनी विचारलं.

अध्यक्षांनी विमानात डोकावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळले. "चिटणीस, हरकत नोंदवून घ्या. नोंद झाली की उड्डाण आपोआप थांबतं."

ते खरं होतं. तो नियम मीच लिहिलेला होता. दादा विमानाच्या दाराशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी खिसा चाचपला आणि म्हणालो, "पेन घरी राहिलं." बेचाळीस वर्षांच्या सेवेत मी पहिल्यांदाच खोटं बोललो. पेन खिशातच होतं.

दादा आत बसला. दार ओढलं, पुन्हा उघडून पुन्हा ओढलं. इंजिन चालू झालं. घंटी वाजली नाही. विमान गवतावरून धडधडत निघालं, एकदा उसळलं, परत टेकलं, आणि मग टेकलंच नाही. बारा मीटर कधी ओलांडले ते कळलंसुद्धा नाही. वहिनींनी गळ्यातल्या टेपची दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरली होती आणि ओठ हलत होते. चोवीस मिनिटं त्या तशाच उभ्या होत्या. चोविसाव्या मिनिटाला विमान झाडांवरून सावकाश खाली आलं, दोनदा आपटलं आणि थांबलं.

सगळे धावले. मी सगळ्यांच्या पुढे होतो. दादा खाली उतरून पंखाखाली गवतावर बसला. चेहरा असा झाला होता की तो मी लहानपणीसुद्धा पाहिला नव्हता. त्यानं माझ्याकडे बघितलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि मी विचारलं, "दादा, ते फळीतलं भोक उघडं राहिलं, त्याचं काय करायचं?"

त्यानं तोंड मिटलं. तेवढ्यात मास्तर म्हणाले की त्यातून वारा येत असणार. दंतवैद्य म्हणाले भरून टाका. अध्यक्षांनी पत्र्याची पट्टी सुचवली, त्यावर दोन पंथ पडले. एका स्क्रूची पट्टी की दोन स्क्रूंची, यावर अर्धा तास फार उद्बोधक चर्चा झाली. दादा पंखाखाली बसून होता. सतरा जणांत कोणी त्याला विचारलं नाही की वरून कसं दिसलं. एकतीस तारीख गेली, दाखला संपला. रेडिओच्या चाचणीशिवाय झालेलं ते उड्डाण मोजायचं की नाही, हा वाद मंडळात अजून चालू आहे. मला आज माझ्या त्या भोकाच्या प्रश्नाची लाज वाटते, पण वरून कसं दिसलं हे आता विचारायचं म्हणजे कुठल्या तोंडानं? वहिनींनी त्याच दिवशी विचारलं होतं म्हणे. दादानं त्यांना काय सांगितलं ते त्यांनी मला नोंदवायला दिलेलं नाही.

तुम्ही मंडळाला मघापासून मनातल्या मनात हसत आलात, ते मला कळत नाही असं नाही. हसा. पण दादा खाली उतरून बराच वेळ झाला. त्याला वरून काय दिसलं, हे तुमच्या तरी मनात आलं का, की तुम्हीही पट्टी एका स्क्रूची की दोन स्क्रूंची, यातच अडकला होतात? लाजू नका. वहिनींनी त्या भोकात कापडी खिसा शिवून बसवलाय, दादाचा चष्मा ठेवायला. झालं समाधान? दादानं मंडळ सोडल्यानं एक जागा रिकामी आहे; अर्ज माझ्याकडे मिळतील.